आमदारसाहेबांचा भोंगा

मित्रांनो, घाटाखालच्या एका आरोग्य उपकेंद्राच्या अडगळीत, मोडक्या खाटेखाली मी पडून आहे. मी पत्र्याचा जुना भोंगा. तोंड परातीएवढं, पण आता त्यात पालींचं बिऱ्हाड आहे.

धारूरच्या धर्मराज मंडपवाल्याकडे मी पुष्कळ लग्नं गाजवली. मग डॉक्टर अमरनाथ निवडणुकीला उभे राहिले आणि मला त्यांच्या जीपवर बांधलं. डॉक्टरांच्या हाताला गुण होता, त्यामुळे माणसं आपणहून गोळा व्हायची. "पुढच्या उन्हाळ्याआधी घरोघरी नळ देतो, हा माझा शब्द," असं ते घाटाखालच्या याच गावात हात जोडून बोलले, तेव्हा टाळ्यांनी माझा पत्रा थरथरला. गावातल्या केशरबाईने तर त्यांना ओवाळलं. खोटं कशाला सांगू, मीही तेव्हा फुगलो होतो.

डॉक्टर आमदार झाले. नळ काही आला नाही. बाया त्याच विहिरीवर घागरी घेऊन जात राहिल्या आणि पुढच्या निवडणुकीत लोकांनी डॉक्टरांना घरी बसवलं. नंतर सरकारने त्यांना कंत्राटावर तालुक्याचे आरोग्य अधिकारी म्हणून नेमलं. पण आमच्याकडे एकदा झालेला आमदार मरेपर्यंत आमदारच असतो.

यंदा याच गावात कावीळ पसरली. विहिरीत गटार झिरपत होतं. डॉक्टर मला जीपवर बांधून धावत आले. "पाणी उकळल्याशिवाय पिऊ नका, गरोदर बायांच्या जिवाला धोका आहे," मी घसा फोडून ओरडलो.

पारावर बसलेला म्हातारा मुंजाजी हसला. "इलेक्शन लागलं काय बे?"

केशरबाईची सून पंचशीला आठव्या महिन्यात होती. तिच्या हातात विहिरीवरून आणलेली घागर बघून डॉक्टर खाली उतरले आणि केशरबाईपुढे हात जोडून उभे राहिले.

"कावून हात जोडता, आमदारसाहेब? मतं मागाया बी असेच जोडले हुते. नळ आला न्हाई. आता म्हनता, हिरीचं बी पिऊ नगा."

सासू-सुना घागर घेऊन आत गेल्या.

पंधरवड्यात पंचशीला पिवळी पडली. तिला जीपमध्ये घालून अंबाजोगाईला नेलं, पण वाटेतच तिची शुद्ध हरपली. ती वाचली नाही, पोटातलं बाळही वाचलं नाही.

पंचशीलाच्या मातीला डॉक्टर आले होते. तिथे कोणी त्यांना शिव्या दिल्या असत्या, तर बरं झालं असतं. केशरबाई एवढंच म्हणाली, "तवा खरं बोलला असता, तर आवंदा तुमचं ऐकलं असतं, साहेब."

त्याच दिवशी डॉक्टरांनी मला जीपवरून सोडलं आणि इथे अडगळीत टाकलं. आता ते पायी, दारोदार फिरतात. हात मात्र कुणापुढे जोडत नाहीत.

मित्रांनो, मला पुसू नका, रंगवू नका, गंजू द्या. कुणाला शब्द द्याल, तर तेवढा जपा.

नर्सबाई सत्यशीला परवा सांगत होत्या, गावात आता सगळे पाणी उकळून पितात. केशरबाईही चुलीवर पाणी ठेवते. तिला आता लहानच पातेलं पुरतं.