राहिलेली कानपिळी

आमच्या घरात भाऊ नाही. आम्ही दोघी बहिणीच. मी प्राची, आणि माझ्याहून चार वर्षांनी धाकटी अक्षदा. बेल्ह्यात हे कुणाला सांगितलं की माणूस आधी चुकचुकतो आणि मग चहा घेतो. त्या चुकचुकण्याचा मला लहानपणापासून राग. तसा मला राग बऱ्याच गोष्टींचा येतो. मंचरच्या ज्या लॅबमध्ये मी लोकांचं रक्त काढते, तिथले पेशंटसुद्धा म्हणतात, "म्याडम, सुई हळू. घरचा राग आमच्यावर नगं."

भाऊ नसल्याची अडचण पहिल्यांदा खरी जाणवली ती माझ्या लग्नात, आणि तीही कानपिळीसाठी. नवरीच्या भावानं नवरदेवाचा कान धरायचा, चांगला पिळायचा, माझ्या बहिणीला नीट नांदव म्हणून दम भरायचा आणि कापडचोपड घेऊनच कान सोडायचा. विधी एवढासाच, पण जेवून पेंगुळलेला मंडप त्याला उठून बसतो. आमच्या काकांचा स्वराज तर साखरपुड्यापासूनच बोटं मोडून तयार होता. मी त्याला तिथंच सांगून टाकलं, "तुजी बोटं तुज्यापाशी ठेव. माज्या नवऱ्याचा कान अक्षदा पिळणार."

हे आम्हा दोघींचं फार आधी ठरलं होतं. ती सातवीत असताना म्हणाली होती, "ताई, कान मी पिळीन, तू फकस्त मोठ्या कानाचा नवरा बघ." सार्थक मला बघायला आला तेव्हा मी आधी त्याचे कानच बघितले. मंचरला त्याचं बटाट्याच्या बियाण्याचं दुकान आहे, स्वभाव सरळ आहे आणि कान धरायला अगदी सोयीचे आहेत. मी होकार दिला.

अक्षदा फुटबॉल खेळते. शाळेतली पोरं खेळतात तसं नाही, पगार घेऊन. केरळातल्या एका क्लबकडून, बायकांच्या राष्ट्रीय लीगमध्ये. शिकली मात्र बेल्ह्याच्या बैलबाजाराच्या मैदानात. बाजार उठला की बैल बांधायच्या मेखा तशाच उभ्या असायच्या. त्यांच्यामधून ती चेंडू काढायची, शेण चुकवत, एकटीच. केरळातल्या पोरी तिला विचारतात, एवढं वळून पळायला कुणी शिकवलं? ती सांगते, बैलांनी.

टीव्हीवर दिसते म्हणून गावाला कौतुक आहे. तिनं काय सोडलं ते गावाला माहीत नाही. कमरेपर्यंतची वेणी तिनं एका दुपारी कापून टाकली, तर आई दोन दिवस तिच्याशी बोलली नाही. निवड चाचणीपायी बारावीचा पेपर बुडाला आणि वर्ष गेलं. पाच वर्षांत एकच दिवाळी ती घरी होती, तीही गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं म्हणून. आई अजून म्हणते, "गुडगा मोडला म्हणून तरी पोरगी दिसली." मग नारायणगावचं एक स्थळ आलं. लग्नानंतर खेळ बंद, असं मुलाच्या बापानं सांगितलं. अक्षदा म्हणाली, "मग चहा घ्या आन निवांत निघा." त्यावर आमचे वडील, आप्पा, आठवडाभर हसत होते. पण तो मुलगा तिला आवडला होता. हे घरात माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही.

तर माझ्या लग्नाची तारीख आम्ही पंचांगापेक्षा लीगचं वेळापत्रक बघून काढली. गुरुजींनी सात मुहूर्त दिले, अक्षदानं फोनवरून पाच खोडले. राहिलेल्या दोनपैकी एकाला सार्थकच्या मावशीनं नाक मुरडलं. शेवटी एक उरला. अक्षदाची शेवटची मॅच संपल्यावर चौथा दिवस. पत्रिका छापल्या, वाटल्या, लांबच्या पावण्यांना मोबाईलवर गेल्या. आणि त्यानंतर लीगवाल्यांनी शेवटची मॅच चार दिवस पुढं ढकलली. बरोबर माझ्या लग्नादिवशी, दुपारी साडेतीनला.

फोनवर ती नुसतंच "ताई" म्हणाली.

"बोल. कुटलं हाड मोडलं?"

"मॅच पुढं गेली."

"किती?"

"चार दिवस." मग मला कळलं, आणि मी तिला नको नको ते बोलले. सख्खी बहीण एकच आहे की दोनचार ठेवल्यात, असंही विचारलं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"ताई, ही मॅच हरलो तर क्लब खालच्या गटात जातोय. कोच म्हणले, तुला पहिल्यापास्नं उतरवणार. तू म्हण ये, मी लगीच सुट्टी मागते. खरंच मागते."

म्हणजे चेंडू माझ्याच पायाशी. मी नुसतं ये म्हटलं असतं तर ती आली असती, हे मला पक्कं माहीत होतं. म्हणूनच मला ते म्हणता येईना. मी रागारागात फोन ठेवला, दिवसभर लोकांना जरा जोरातच सुया टोचल्या आणि संध्याकाळी मेसेज पाठवला: 'खेळ. कानाचं मी बघते.'

लग्न लागलं दुपारी बारा एकेचाळीसला. आईला मंडपात सतरा जणींनी विचारलं, धाकटी कुठाय? आई सांगायची, मॅच हाय. त्या म्हणायच्या, भनीच्या लग्नापरीस मोठी का काय मॅच? आई सगळ्यांना एकच उत्तर द्यायची, "जेवून जा." मला डोक्यावर अक्षता पडताना रडू येईल अशी सगळ्यांनी तयारी केली होती. मला रडू आलं नाही. शेजारी जिथं अक्षदानं उभं राहायचं तिथं करवली म्हणून काकांची छोटी मुलगी उभी होती, तिच्याकडं मी बघायचंच टाळलं.

जेवणं झाली. राहिलेले विधी व्हायचे होते, निम्मे पाहुणे गाद्यांवर आडवे झाले होते. लग्न दिसावं म्हणून मंडपात भलामोठा पडदा लावला होता. स्वराजनं शूटिंगवाल्याला पटवून त्याच्यावर मॅच लावली. बघता बघता आडवे झालेले उठून बसले. आप्पांनी फेटा काढून मांडीवर ठेवला. ज्यांना फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही तेही, "आपली कंची? आपली कंची?" करायला लागले.

दोन्ही संघ मैदानात आले. अकरा पोरी ओळीत उभ्या राहिल्या. मी पाटावर बसल्या बसल्या मुंडावळ्या बाजूला करून बघितलं. एकदा मोजलं, दोनदा मोजलं. अक्षदा त्यात नव्हती.

आईचा चेहरा मला बघवेना. तेवढ्यात कॅमेरा मैदानाच्या कडेला वळला आणि बाकावर बसलेल्या पोरींमध्ये अक्षदा दिसली. अंगात पिवळीधमक बंडी.

आमच्या गोजर आत्या, आप्पांच्या थोरल्या बहीण, किंचाळल्याच. "आगं बया! पोरीनं हळदीचं घातलंय! भनीला हळद लागली म्हणून तिकडं हिनं पिवळं घातलंय!"

सगळ्या बायका पडद्याकडं बघायला लागल्या. कुणीतरी डोळ्याला पदर लावला. आई तर रडताना हसायला लागली. "माजी गुणाची बाई ती," म्हणाली. मघाशी आईला टोमणा मारलेल्यांपैकीच एक बाई आता शेजारणीला सांगत होती, "रक्त वडतंच वो. लांब ऱ्हाऊन का हुईना."

मी स्वराजकडं बघितलं, स्वराजनं माझ्याकडं. मग मी सार्थककडं बघितलं. साखरपुडा झाल्यापासून तो अक्षदाची एकही मॅच चुकवत नव्हता, त्यामुळं त्यालाही कळलं होतं. ती बंडी राखीव खेळाडूंची. मैदानात न उतरवलेल्या पोरींनी ती घालायची असते. बाकावर बसलेल्या सगळ्याच पिवळ्या होत्या, पण आत्यांना आपलीच दिसत होती.

मला असा राग आला की होम तूप न घालता पेटला असता. पहिल्यापास्नं उतरवणार म्हणाले होते ना? मग बाकावर बसवायला माझीच बहीण पाहिजे होती? बसायचंच होतं तर माझ्या शेजारी पाट मोकळा होता की. पण आईचा चेहरा बघितला आणि मी तोंड मिटून घेतलं. स्वराजसुद्धा गप्प बसला, आणि स्वराज गप्प बसणं ही साधी गोष्ट नाही.

"वधूचे बंधू कोण? पुढं या," गुरुजी म्हणाले.

स्वराजला काय करावं कळेना. चार जणांनी मागून ढकललं तसा तो बिचारा हात पुसत पुढं आला. सार्थकनं मान थोडी वाकवली. मी म्हणाले, "थांबा."

"काय झालं गं?" आप्पा म्हणाले.

"कान पिळायचा न्हाई. माज्या भावाची मॅच चालू हाय."

मग आप्पा फेटा मांडीवर आपटून हसले आणि सगळा मंडप हसला. सार्थकच्या मावशी तेवढ्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आसं कुटं आसतंय व्हय? कानपिळीबिगर लगीन म्हंजे आळणी कालवण."

गुरुजींनी पोथीतून मान वर केली नाही. "कानपिळीला मंत्र नाही. ज्याला मंत्र नाही त्याला मुहूर्त नाही. पुढं चला, मला आळेफाट्याला अजून एक लग्न आहे."

"कान माजाच हाय ना?" सार्थक म्हणाला. "मग ऱ्हाऊ द्या की राव. कान कुटं पळून चाललाय?"

आम्ही सप्तपदी घालत होतो तेव्हा अक्षदाच्या क्लबनं गोल केला. एक-शून्य झालं. शेवटपर्यंत तेवढंच राहिलं आणि क्लब वाचला. बाकावरच्या पोरी धावत मैदानात घुसल्या. अक्षदाही घुसली, कुणाच्या तरी गळ्यात पडली. नव्वद मिनिटांत तिला एक मिनिट मिळालं नव्हतं. आत्या आईच्या पाठीवर हात फिरवत म्हणाल्या, "बग रत्ना, शेवटपोत अंगावरनं काढलं न्हाई पोरीनं."

तिसऱ्या दिवशी आमच्या सासरी मंचरला सत्यनारायण होता. आत्या पाठराखीण म्हणून माझ्याबरोबर आलेल्या होत्या. आई-आप्पा सकाळीच पोचले होते. प्रसाद वाटत असताना दारात अक्षदा उभी. केरळातून रेल्वेनं पुणे, तिथून एसटी, पाठीवर हीऽ मोठी बॅग. डोळे सुजलेले, केस उभे.

मी काही बोलायच्या आत आत्यांनी तिची अलाबला घेतली, कानशिलावर बोटं मोडली. "लेकी, तुजं पिवळं आमी सगळ्यांनी बगितलं गं. समद्या मंडपाचं डोळं वलं झालं. भनीसाटी यवढं कोन करतं?"

अक्षदानं माझ्याकडं बघितलं. मी हळूच मान हलवली. ती वाकून आत्यांच्या पाया पडली आणि म्हणाली, "व्हय आत्या." एवढंच.

सासूबाई आतून ताट घेऊन आल्या. कानपिळीसाठी आणलेला पँटपीस आणि टोपी तशीच पडून होती. पोरीला ती कशी द्यायची म्हणून त्यांनी वर एक साडीही ठेवली होती. "घे बाई, जे आवडंल ते घे. पर आदी कान पिळ. तीन दीस झालं, मावशीनं माजं डोकं खाल्लंय."

अंगणात सगळे गोळा झाले. सार्थक पुढं येऊन वाकला. अक्षदानं उजवा कान धरला, सोडला, पँटला हात पुसून पुन्हा धरला आणि असा पिळला की सार्थक "आयो!" करून ओरडला. सगळे हसले. स्वराज असता तर त्यानं शिट्टी मारली असती.

"दाजी, माज्या ताईला..." अक्षदानं सुरुवात केली. पुढचं वाक्य तिला येईना. तोंड उघडं राहिलं आणि ती रडायला लागली. गुडघ्याच्या ऑपरेशनला रडली नव्हती, नारायणगावचं स्थळ गेलं तेव्हा रडली नव्हती. ती अंगणात उभी राहून लहान पोरासारखी रडली, आणि कान सोडायचं विसरली.

मी जवळ गेले. "झालं ते झालं गं. त्यांनी तुला बसवलं, त्यात तुजा काय दोष?"

"त्याचं न्हाई गं ताई," ती माझ्या खांद्यात तोंड खुपसून एवढ्या हळू म्हणाली, की आम्हा तिघांनाच ऐकू गेलं. "पुन्यांदा आसं झालं ना, तरी मी तिथंच जाऊन बसंन. मला ठावं हाय. म्हणून रडतीये."

मला तिचा राग आला नाही. तिच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं का, हेही मला सांगता येणार नाही. मी तिचे ते उभे केस दाबत नुसती उभी राहिले. सार्थक अजून तसाच कंबरेत वाकलेला होता. कान लालबुंद झाला होता, पण त्यानं हूं की चूं केलं नाही.

मग त्याचा खालून आवाज आला. "रड अक्षदा, निवांत रड. हात दुखला तर माजा दुसरा कान हाय."

तेव्हा कुठं ती हसली आणि कान सुटला.