एकेचाळीस नंबरवर कोण बसले आहे?

मित्रांनो, मला हात नाहीत, पाय नाहीत, साधे झाकणसुद्धा नाही. मी एक जुना प्रश्न आहे. संग्रहालयातल्या साठ कॉम्प्युटरांवर लक्ष ठेवणाऱ्या प्रणालीत मी राहतो. सहा वर्षांपूर्वी कॉम्प्युटर विभागातल्या ताईंनी मला चार ओळींत लिहिले. बटण दाबले की मी प्रत्येक कॉम्प्युटरला विचारतो, "तुझ्यावर आत्ता कोणाचे खाते उघडे आहे?" मग त्या माणसाचे नाव, विभाग आणि फोन नंबर कर्मचाऱ्यांच्या यादीतून शोधून आणतो.

सुरुवातीला माझे कोण कौतुक! पुढे रंगीत तक्ते आले आणि मी अडगळीत पडलो. फार वाईट वाटले.

एके दिवशी ठरले, की त्याच दुपारी बारा वाजता जुने कॉम्प्युटर पुसून कोरे करायचे. ताईंचे साहेब म्हणाले, "एकेचाळीस नंबर तीन आठवडे रिकामा पडलाय. उडवा."

ताईंना राहवेना. त्यांनी मला कामाला लावले. मी उत्तर आणले: छायाचित्र विभागातले काका!

"अहो, ते तर तीन आठवड्यांपूर्वीच निवृत्त झाले," साहेब हसले. "तुमचा प्रश्न म्हातारा झालाय."

मला रागच आला. पण मी काकांच्या घरचा नंबरही आणला होता. यादीतला तो रकाना सगळे रिकामा सोडतात. काकांनी मात्र तो नीट भरला होता. ताईंनी फोन लावला.

"काका, जाताना कॉम्प्युटर बंद केला होता ना?"

"केला की! स्क्रीनचं बटण दाबलं. रोज तसंच करायचो."

"आणि काम सेव्ह केलं?"

"ते कशाला? सकाळी जिथल्या तिथे असायचं."

ताईंनी कपाळाला हात लावला. चारशे जुन्या छायाचित्रांत कोण कोण उभे आहे, हे एकट्या काकांना माहीत होते. त्यांनी टाइप केलेली ती नावे सेव्ह न करता त्या कॉम्प्युटरवर तशीच उघडी होती आणि समोर काकांच्या पासवर्डचे कुलूप.

बारा वाजता कॉम्प्युटर पुसणार, हे ताईंनी सांगताच काका फोनवर ओरडले, "हात लावू नका, आलोच!"

काका बाराला दहा कमी असताना घरच्या चपलांत धापा टाकत आले. दोनदा पासवर्ड चुकला. साहेबांचेही हसू मावळले. तिसऱ्यांदा कुलूप उघडले. चारशेच्या चारशे नावे जागच्या जागी! साहेबांनी स्वतः खुर्ची पुढे सरकवली. काकांनी काम सेव्ह केले आणि ताईंनी दाखवले तसे खातेही बंद केले.

मित्रांनो, यादीतला आपला रकाना रिकामा ठेवू नका आणि उठताना आपले खाते बंद करत जा. एवढेच माझे मागणे.

त्या दुपारी ताईंनी मला पुन्हा विचारले, "एकेचाळीस नंबरवर कोण?"

मी उत्तर आणले: कोणी नाही.

काकांनी ते वाचले आणि चष्मा पुसला. "चला," ते हसून म्हणाले, "आता मी खरा निवृत्त झालो."