वीसपैकी वीस

चाळीस बायांना वीसपैकी वीस! माझ्या गाइड मॅडमनी फॉर्मचा गठ्ठा टेबलावर आपटला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "रुचिका, हे तू घरी बसून भरलंस ना?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आठ वर्षं नर्सची नोकरी करून, दोन वर्षांची रजा काढून मी एम.एस्सी. नर्सिंगला आले, तेही सामुदायिक आरोग्य घेऊन, कारण मला गावातच काम करायचं होतं. प्रबंधासाठी आंधळगावच्या धान रोवणाऱ्या चाळीस बाया निवडल्या. विषय, लघवीच्या जंतुसंसर्गाबद्दलचं त्यांचं ज्ञान. आधी वीस प्रश्न विचारायचे, मग तक्ते दाखवून शिकवायचं आणि आठ दिवसांनी तेच प्रश्न पुन्हा. पहिल्या वेळी कुणाला सहा मिळाले, कुणाला सात. दुसऱ्या वेळी सगळ्यांना वीस. मला तर आनंदच झाला होता, मूर्ख मी!

"शुक्रवारी माझी सही हवी असेल, तर खरे वाटतील असे आकडे आण," मॅडम म्हणाल्या. शुक्रवार चुकला की परीक्षा सहा महिने पुढे, आणि रजा तर ऑगस्टअखेर संपत होती. म्हणजे डिग्रीवर पाणीच सोडायचं.

तशीच स्कूटी काढून आंधळगावला गेले. बांधीत, म्हणजे चिखल केलेल्या भातखाचरात, बाया कमरेत वाकून, आपापली पाथ धरून एका ओळीत मागे सरकत पऱ्हे, धानाची रोपं, रोवत होत्या. त्यांची पुढारी देवकाबाई मधोमध. मी धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरूनच ओरडले, "मावशी, सगळ्यांचे पेपर एकसारखे काहून आले?"

"येतीलच ना!" तिच्या शेजारची कलाबाई हाताचा चिखल झटकत म्हणाली. "देवकामावशीनं रोज सुट्टी झाल्यावर आमच्याकडून पाठ करून घेतलं. तीन लिटर पाणी, लघवी दाबाची नाही, समदं. तुह्या परीक्षेचा मामला होता ना."

"परीक्षा माही नव्हती, तुमची होती!"

"रोवण्यात कोणाची पाथ मांगं राह्यली, तं बाजूवाली हात लावते," देवकाबाई शांतपणे म्हणाली. "एकटीले मांगं टाकून कोणी धुऱ्यावर जात नाही. मंग तुलेच टाकाचं का?"

चिडायचं तरी कुणावर? तेवढ्यात माझं लक्ष धुऱ्यावर गेलं. मीच वाटलेल्या पाण्याच्या बाटल्या तिथे ओळीनं ठेवल्या होत्या. दुपारचे तीन वाजले होते आणि सगळ्या तोंडापर्यंत भरलेल्या.

"पाणी काहून नाही पेलं?"

देवकाबाईनं हातानं चारी बाजू दाखवल्या. इकडे ट्रॅक्टरवाला, तिकडे छत्री घेऊन उभा असलेला मालक सेवकराम, पलीकडे रस्ता. झुडूप म्हणून नाही.

"पेलं तं जाऊ कोठी? सकाळी अंधारात जाऊन येतो, मंग अंधार पडल्यावरच."

"मंग पेपरात तसं काहून सांगतलं?"

"तू जे शिकवलं, तेच सांगतलं. येत तं आहे ना आमाले."

बोलताना तिचे दात वाजत होते. हात लावला तर अंग तव्यासारखं तापलेलं. चार दिवसांपासून थंडी वाजून ताप, लघवीला जळजळ, आणि सांगितलं मात्र कुणालाच नाही. तिला स्कूटीवर मागे घेतलं, कलाबाईनं तिला धरलं, आणि तशाच तिघी दवाखान्यात गेलो. तिला भरती करून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मॅडमना सगळं सांगितलं. बायांना माहीत सगळं आहे, नाही तो फक्त आडोसा. प्रबंधात हेच लिहू द्या, म्हणून विनवलं.

"तुझा विषय बायांचं ज्ञान हा आहे," मॅडम म्हणाल्या. "आडोसा नाही. आणि आता विषय बदलता येत नाही."

खरं सांगितलं तरी खोटी, आणि खोटं केलं तर पास! फॉर्म पेन्सिलनं भरलेले होते. होस्टेलच्या खोलीत खोडरबर घेऊन बसले आणि बरोबर उत्तरं पुसून चुकीची करत गेले. कुणाला चौदा दिले, कुणाला सोळा. एखादी अगदी खाली हवी, म्हणून देवकाबाईला अकरा. तिला काय कळणार होतं?

शुक्रवारी मॅडमनी पानं चाळली. "बघ, आता कसं खरं वाटतं," म्हणाल्या आणि सही केली.

तिथून थेट दवाखान्यात गेले. देवकाबाई उठून बसली होती. उशाशी पाण्याची बाटली होती, रिकामी.

"सकाळपासून तिसरी होय," ती कौतुकानं म्हणाली. "अठी बाथरूमले कडी लागते ना."

मग तिनं हळूच विचारलं, "पोरी, मले किती भेटले?"

"वीसपैकी वीस, मावशी." मला तिच्याकडे बघवेना.

तिनं शेजारच्या खाटेवरच्या बाईला हाक मारली. "आयकलं का? मी सांगतलं होतं ना तुले, आमची पोरगी पास होते म्हून."