सुई खुपसायच्या आधीचा आकडा

शर्यतीची गाडी फेरी मारून आत आली की टायर निवायच्या आत त्यात सुई खुपसायची. आतली कड, मधला भाग, बाहेरची कड. सुईच्या यंत्रावर आकडा उमटतो, आणि कुठे किती तापलंय त्यावरून हवा किती ठेवायची, चाक किती कलतं करायचं ते ठरतं. वस्तादांचा जन्म या कामात गेला. बायकोला, म्हणजे काकूंना, त्यांनी सुईला कधी हात लावू दिला नाही. "तुझी जीभ आहे की, तीच खुपस," म्हणायचे.

आज सरावाला गाडीत त्यांची मुलगी होती. ती आत आली. वस्ताद वाकले आणि खणखणीत म्हणाले, "नव्वद, अठ्ठ्याऐंशी, ब्याऐंशी!"

मिस्त्रीने पाना उचलला. पण शेजारी उभ्या काकूंनी पाहिलं, सुई वस्तादांच्या हातातच होती. टायरला लागलीसुद्धा नव्हती.

मघाशी वळणावर गाडी घसरून कठड्याला घासली, ती का, ते काकूंना आत्ता कळलं. तेव्हाचे आकडेही असेच मनाचे असणार. घरात त्या नवऱ्याला हवं ते बोलत, पण चारचौघांत वस्तादांचा शब्द त्यांनी कधी खाली पडू दिला नव्हता.

"व्हा बाजूला," त्या म्हणाल्या. "द्या ती सुई."

"आई, अगं बाबांना काय बोलतेस!" मुलगी गाडीतून ओरडली.

"तू गप बस. जिवंत परत यायचंय ना?"

वस्ताद मुकाट्याने टायरांच्या थप्पीवर जाऊन बसले. बघून बघून काकूंना सगळं पाठ होतं. सुई खुपसत त्या म्हणाल्या, "पंच्याण्णव, ब्याऐंशी, पंच्याण्णव."

"कडा तापल्यात, मधे गार. हवा कमी आहे," थप्पीवरून आवाज आला. अगदी बरोबर. मिस्त्रीने हवा भरली. गाडी पुन्हा बाहेर पडली आणि वळणाला चिकटून गेली.

काकू थप्पीपाशी आल्या. माफी मागायची सवय नव्हती. शब्द जुळवत होत्या. तेवढ्यात वस्तादच म्हणाले, "आकडे तुम्ही घेतलेत का हो? झकास घेतलेत."

जन्मभर ज्या शाबासकीसाठी त्या भांडल्या, ती आज मिळाली, पण 'अहो-जाहो' करून, परक्या बाईला द्यावी तशी.

"शिकवलं कुणी तुम्हाला?"

"होता एक मास्तर," काकू म्हणाल्या. "महाखडूस."

वस्ताद खदखदून हसले. गाडी परत येताना ऐकू आली, तशा काकू सुई घेऊन उठल्या. ते उठले नाहीत, थप्पीवरूनच बघत राहिले.