शेजारची खुर्ची

आरोग्य खात्याकडून तपासणीला बाई येणार म्हणून दवाखाना आदल्या दिवशीच घासूनपुसून लख्ख केला होता, तरी सुनेला चैन नव्हतं. लसींचा फ्रिज, वापरलेल्या सुयांचे डबे, ऑक्सिजनचा सिलिंडर, यांतल्या कशाचीच तिला काळजी नव्हती. सगळं जागच्या जागी होतं. तिला घोर होता तो आतल्या खोलीत खिडकीकडे पाठ करून बसलेल्या सासऱ्यांचा.

सासरे म्हणजे मोठे डॉक्टर. हा दवाखाना त्यांनी एकट्याने उभा केला होता. लहानपणी ज्यांना त्यांनी लस टोचली, ती माणसं आता आपली पोरं घेऊन त्यांच्याकडे येत. सूनही डॉक्टर, आणि चांगली मुरलेली, पण रुग्णांच्या लेखी ती अजून धाकटीच होती. ‘मोठे डॉक्टर नाहीत का?’ असं विचारूनच लोक तिच्या खोलीत शिरायचे. तिला त्याचं वाईट वाटत नसे. तीही त्यांच्याच हाताखाली शिकली होती.

विसरायला त्यांनी कधी सुरुवात केली, हे तिला नेमकं सांगता आलं नसतं. आधी चष्मा, मग किल्ल्या, मग औषधांची नावं. या वयात असं होतंच, म्हणून घरात सगळे हसण्यावारी नेत होते. मग एक दिवस त्यांनी एका बाईंचं पोट तपासलं, हात धुतले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, “हं, आता झोपा बघू टेबलावर, पोट तपासू.” बाईंना ती गंमत वाटली. सून मात्र दारातच गारठली.

त्या दिवसापासून तिने त्यांच्या शेजारी खुर्ची टाकली. बाबांकडून अजून शिकतेय, असं ती रुग्णांना सांगे. ते लिहीत, ती कागदावर नजर फिरवी आणि चूक दिसली की हळूच म्हणे, बाबा, ते दुसरं औषध द्यायचं का? ते लगेच मान डोलवत. तिच्या स्वतःच्या रुग्णांची गर्दी झाली की मात्र तिला उठावं लागे, आणि भिंतीपलीकडे बसून ती कान त्यांच्या खोलीकडे लावून ठेवी.

नवऱ्याला तिने हे सांगितलं नव्हतं असं नाही. दवाखान्याचा कारभार तोच बघायचा. पण बापाचा विषय निघाला की तो कानांवर हात ठेवी. घरी बसवलं तर बाबा हाय खातील, म्हणायचा. तू आहेस ना शेजारी, म्हणायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची, एवढं बोलून तो खोलीबाहेर पडायचा.

तपासणीच्या बाई सकाळीच आल्या. पूर्वी त्या परिचारिका होत्या. बोलणं मऊ, डोळे मात्र बारीक. त्यांनी कपाटं उघडून औषधांच्या तारखा वाचल्या, हात धुवायच्या जागी स्वतः हात धुऊन पाहिले, बाहेर बसलेल्यांना किती वेळ थांबावं लागतं ते विचारलं. कुठेच बोट ठेवायला जागा मिळाली नाही. शेवटी त्या म्हणाल्या, डॉक्टर रुग्ण कसे तपासतात ते बघायचंय, तेवढा वेळ आत बसते.

हे होणार, हे नवऱ्याला ठाऊक होतं. म्हणून त्याने त्या सकाळी सगळी ओळखीची, सर्दी-खोकल्याची, नेहमीच्या गोळ्यांची माणसंच बोलावली होती. सून आपल्या खुर्चीत बसली. बाई भिंतीशी स्टुलावर टेकल्या. सासरे त्या दिवशी भलतेच रंगात होते. एका आजोबांनी रात्री झोप येत नसल्याची तक्रार केली. “येईल कशी?” मोठे डॉक्टर म्हणाले. “दुपारी घोरून शेजाऱ्यांची झोप उडवता, त्यांचे तळतळाट लागतात.” आजोबा हसले, बाईही हसल्या. सुनेलाही जरा हायसं वाटलं.

तेवढ्यात एक तरुण आई तापाने फणफणलेलं तान्हं पोर घेऊन आली. ते ठरलेल्यांत नव्हतं, पण तान्ह्या पोराला ताटकळत कोण ठेवणार? मोठ्या डॉक्टरांनी पोरीला इतक्या हलक्या हाताने तपासलं की ती रडायची थांबली. छाती साफ आहे, घसा लाल आहे, घाबरायचं कारण नाही, असं त्यांनी आईला समजावलं आणि कागद ओढला. भिंतीजवळच्या बाई कौतुकाने पोरीकडे बघत होत्या. सुनेने कागदाकडे पाहिलं.

तापाचं औषध बरोबर होतं. पण त्यांनी लिहिले होते थेंब, आणि प्रमाण दिलं होतं चमच्याने द्यायच्या सौम्य औषधाचं. थेंबांची बाटली लहान आणि औषध जालीम. ते चमच्याने भरभरून, दिवसातून चारदा गेलं असतं तर त्या इवल्या जिवाचं यकृत कामातून गेलं असतं. आणि आईने तर डॉक्टरांवर विश्वास ठेवून एकही वेळ चुकवली नसती.

“बाबा, अक्षर लागत नाहीये, मी नीट लिहून देते,” सून म्हणाली. आवाज कापला नाही, याचं तिचं तिलाच नवल वाटलं. दुसऱ्या कागदावर तिने बरोबर लिहिलं आणि आईला दोनदा समजावून सांगितलं. पहिला कागद मुठीत चुरगाळला. सासरे मान वळवून खिडकीबाहेर बघत होते. तपासणीच्या बाईंना काहीच कळलं नव्हतं.

थोड्या वेळाने बाई निघाल्या. इतकं आपुलकीने बघणारे डॉक्टर आता दुर्मीळ झालेत, असं त्या नवऱ्याला म्हणाल्या. शेरा उत्तमच जाईल, पुढची दोन-तीन वर्षं काही आमचा त्रास नाही. नवऱ्याचा चेहरा उजळला. तो त्यांना पायऱ्यांपर्यंत सोडायला गेला.

सून आतच उभी राहिली. सकाळपासून जिला भीत होती ती बला टळली होती. आता हुश्श म्हणायला हवं होतं. पण बाईंचे शब्द तिच्या कानांतून जाईनात. दोन-तीन वर्षं! उद्या तिला ताप आला, गर्दीत उठावं लागलं, नुसती पापणी लवली तरी? सकाळी ही बाई काहीतरी पकडेल याची भीती होती. आता बाईंनी काहीच पकडलं नाही याची वाटायला लागली, आणि ही भीती पहिलीपेक्षा कितीतरी काळी होती.

ती पळतच बाहेर गेली. बाई गाडीचं दार उघडत होत्या. नवऱ्याने तिचा चेहरा पाहिला आणि काय ते ओळखलं. “आत जा,” तो दबक्या आवाजात म्हणाला. “माझी शपथ आहे तुला.”

तिने मूठ उघडली आणि चुरगाळलेला कागद बाईंच्या हातात दिला.

“हे बाबांनी लिहिलं होतं,” ती म्हणाली. “मी शेजारी नसते तर ते त्या पोरीच्या पोटात गेलं असतं. आणि मी नेहमी शेजारी नसते.”

बाईंनी कागद वाचला. त्यांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी गाडीचं दार लावलं आणि त्या परत पायऱ्या चढल्या.

मोठ्या डॉक्टरांना सांगायचं काम सुनेने स्वतःकडे घेतलं. ते चिडतील, रडतील, तिला घरभेदी म्हणतील, अशी तिने मनाची तयारी केली होती. त्यांनी शांतपणे स्टेथोस्कोप गळ्यातून काढून टेबलावर ठेवला.

“मला कळत होतं गं,” ते म्हणाले. “तू शेजारी बसायला लागलीस तेव्हाच कळलं. तू सावरतेस म्हणून मी थांबलो नाही.” मग त्यांनी रुग्णांची नोंदवही तिच्याकडे सरकवली. “तू नसताना कुणी निसटलं असेल का?”

हाच प्रश्न कितीतरी दिवस तिच्या उशाशी येऊन बसत होता. उत्तराच्या भीतीने तिने तो कधी स्वतःला विचारला नव्हता.

त्याच दुपारी सून आणि तपासणीच्या बाई, दोघींनी फोन फिरवायला घेतले. मोठ्या डॉक्टरांनी अलीकडे एकट्याने तपासलेल्या प्रत्येकाला विचारायचं, गोळ्यांच्या पाकिटावर काय लिहिलंय ते वाचून दाखवा. बहुतेक ठीक होते. नवरा दाराशी येऊन उभा राहिला. एक म्हातारे शिंपी मात्र फोन उचलेनात. एकटेच राहायचे. सुनेने पुन्हा लावला, पुन्हा लावला. मग पर्स उचलली. सासरेही उठले.

“मी येणार,” ते म्हणाले, आणि त्यांना अडवायची कुणाची छाती झाली नाही.

शिंप्यांच्या दारावर थापा मारून सुनेचे हात दुखले. आत काही हलत नव्हतं. तिला नको नको ते दिसायला लागलं. मग कडी सरकली. दारात शिंपी उभे होते, कपडे अंगावर लोंबत होते, आणि चौकटीला धरलेला हात थरथर कापत होता. सुनेने मनगट धरलं. नाडी सैरावैरा धावत होती. कपाटावर थायरॉइडच्या गोळ्या होत्या, त्यांना लागतात त्याच्या चौपट ताकदीच्या.

मोठे डॉक्टर दिसताच शिंप्यांचा चेहरा खुलला. धापा टाकत ते म्हणाले, “एक गोळी चुकवली नाही हं डॉक्टर, तुम्ही सांगितल्याप्रमाणे रोज घेतोय.”

सुनेने रुग्णवाहिका बोलावली. ती येईपर्यंत मोठे डॉक्टर जमिनीवर, शिंप्यांच्या पायाशी बसून राहिले. त्यांनी त्यांचा कापरा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि स्पष्ट शब्दांत सांगितलं की गोळी चुकीची होती आणि चूक माझी होती. शिंप्यांना ते पटेना. असं कसं होईल, ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले.

शिंपी वाचले. आठवडाभर मोठ्या इस्पितळात काढून घरी आले, हळूहळू अंगही धरू लागले. आणखी उशीर झाला असता तर हृदय थांबलं असतं, असं तिथल्या डॉक्टरांनी सुनेला बाजूला घेऊन सांगितलं. मोठ्या डॉक्टरांनी त्या दिवसानंतर रुग्ण तपासला नाही. नवरा बरेच दिवस बायकोशी कामापुरतंच बोलला. मग एका सकाळी वडिलांच्या तपासण्यांची वेळ त्यानेच ठरवून आणली आणि तू बरोबर येशील ना, असं तिच्याकडे न बघता विचारलं. ती हो म्हणाली.

राहिलेले फोन तिने एकटीने पुरे केले. सगळे लागले नाहीत. काही माणसं गाव सोडून गेली होती, काहींचे नंबर बदलले होते. अजूनही कुणी बऱ्याच दिवसांनी दारात येऊन ‘मोठे डॉक्टर नाहीत का?’ म्हणालं की आधी तिची नजर त्याच्या हातांकडे जाते, ते कापतायत का बघायला.