मोजलेलं खोडलं

ही गोष्ट लिहायचीच नव्हती. दोस्तानं सांगितलेली त्याच्या घरातली फजिती कोण लिहून ठेवतं? दोनदा अर्धी लिहून पुसली पण. मग वाटलं, आत्ता लिहिली नाही तर योगराज स्वतःच उद्या म्हणेल, तेवढं काही झालं नव्हतं रे. झालं होतं. म्हणून.

तर सकाळ. साडीच्या बाजाराचं परमुलखातलं शहर, गोडादरा भागातलं पहिल्या मजल्यावरचं घर. योगराजच्या एका कानाला फोन, फोनवर मनसुखशेठ. दुसऱ्या कानात संडासातून चार वर्षांच्या हेतची आरोळी.

"पप्पाऽ, झाली! धुवायला ये!"

"योगराज, फाइल क्यां छे? मशीन खाली ऊभी छे!" शेठ ओरडले. डिझाईन पोचली नव्हती म्हणून त्यांचं मशीन रिकामं उभं होतं.

"मोकलुं छुं शेठ, दस मिनिट."

"पप्पाऽऽ!"

"आलो रे बाबा, बस तिथंच!... तमने नहीं शेठ, छोकराने कहुं छुं."

योगराजचं काम असं की साडीवर मशीननं जे भरतकाम होतं, त्याची डिझाईन कॉम्प्युटरवर टाका टाका करून बसवायची. बाजारात याला पंचिंग म्हणतात. बारावीला उडाला, मग मशीनवर ऑपरेटर, मग मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून हे शिकला. घरबसल्या काम. लोकांना वाटतं, मजा आहे याची. पंख्याखाली बसतो आणि माउस हलवतो.

बायको गायत्री नर्स आहे. ती सकाळीच डबा घेऊन निघते. मागे उरतात योगराज, हेत, नऊ वर्षांची ध्रुवी आणि शाळा. हो, शाळा पण घरातच.

ती कशी आली तेही सांगायला पाहिजे. ध्रुवीचा मोजताना गोंधळ व्हायचा. एकच वस्तू दोनदा मोजायची. इंग्लिश मीडियमच्या टीचरनं तिचं नाव ठेवलं 'खाली डब्बा', म्हणजे रिकामा डबा, आणि रोज भिंतीकडे तोंड करून उभं करायला लागली. योगराजला कळलं त्या दिवशी तो गेला, प्रिन्सिपलच्या टेबलावर हात आपटला, "नको तुमची शाळा, मी घरी शिकवीन!" म्हणाला आणि दाखला घेऊनच आला. गायत्रीला संध्याकाळी कळलं. ती एवढंच म्हणाली, "शिकवशील कधी?"

भांडली असती तर बरं झालं असतं. या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं? दिवाळीपासून योगराज उत्तर शोधत होता. सकाळी पाढे घ्यायला बसला की शेठचा फोन. फोन ठेवला की हेतला भूक. हेतला खायला दिलं की ध्रुवी म्हणणार, "पप्पा, आपण कुठं होतो?" कुठं होतो ते योगराजलाही आठवायचं नाही.

आता अमळनेरहून त्याची आई आली होती. मालतीबाई. रात्रीच्या गाडीनं ध्रुवीला गावी न्यायचं, तिथल्या शाळेत घालायचं, असं सासू-सुनेचं ठरलंसुद्धा होतं. ध्रुवीचे फ्रॉक मालतीबाईंच्या पिशवीत भरून झाले होते.

"आजचा दिवस बघ ना आई," योगराज म्हणाला होता. "ती गणित करून दाखवेल. नाही जमलं तर ने."

मुलांची मराठी बिघडू नये म्हणून तो घरात आईशीसुद्धा पुस्तकातल्यासारखं बोलायचा. आई अहिराणी सोडायला तयार नव्हती.

"तू काय शिकाडस तिले?" लसूण सोलता सोलता ती म्हणाली. "दिनभर तर त्या टीव्हीना मव्हरे बठेल ऱ्हास."

"टीव्ही नाही, कॉम्प्युटर आहे."

"तेच ते."

योगराजनं ध्रुवीला खुर्चीवर बसवलं. पडद्यावर शेठच्याच साडीचा पदर होता. वही शोधायला वेळ कुणाला?

"हे बघ. सात ओळी आहेत. एका ओळीत आठ बुट्टे. एकूण किती? पाढा नाही आला तर मोज. पण नीट मोज, दोनदा नको. मी याला धुवून येतो."

धुवायला गेला तर हेतला साबणाचा फेस पाहिजे होता. फेस झाला तर चड्डी निळीच पाहिजे होती. निळी दोरीवर ओली. तेवढ्यात गॅसवर दूध वर आलं, ते मालतीबाईंनी धावत जाऊन उतरवलं आणि योगराजच्या सगळ्या पिढ्यांचा उद्धार केला. तो बाहेर आला तेव्हा ध्रुवी खुर्चीवर गुडघे टेकून उभी होती.

"छप्पन्न!"

"काय?"

"छप्पन्न आहेत पप्पा. मी मोजले."

योगराजनं तिला उचलूनच घेतलं. "आई, ऐकलंस का? छप्पन्न! बरोबर आहे!"

मालतीबाईंचा हात लसणावर थांबला. "खरंच व्हय? कोणी सांगं तिले?"

"कुणी नाही. तिचं तिनं."

ध्रुवी हसली. घरी शाळा सुरू झाल्यापासून अशी हसलेली योगराजला आठवत नव्हती. खालचे दात दिसले. तेवढ्यात परत शेठचा फोन. योगराजनं एका हातानं पोरगी धरली, दुसऱ्या हातानं फाइल सेव्ह केली आणि पाठवून दिली. मोजता मोजता ध्रुवीनं पडद्यावरचं चित्र मोठं केलं होतं, फक्त खालचे बुट्टे दिसत होते. वर बघायला कुणाला सुचतंय?

जेवायच्या वेळेला व्हिडिओ कॉल आला. शेठचं तोंड नाही, नुसतं कापड. "जो! आ पल्लू जो! अडधो टकलो छे!"

खरंच टकला होता. वरच्या ओळी गायब. मशीनच्या एका हेडवर, म्हणजे एका सुईखालच्या साडीवर नाही, सगळ्या हेडवर तसंच. एवढं कापड वाया.

योगराजनं फाइल उघडली. फाइलमध्येच बुट्टे नव्हते.

"ध्रुवी, तू यात काय केलं होतंस?"

"मोजलेलं खोडलं," ती सहज म्हणाली. "एक मोजला की खोडला. मग तोच परत मोजला जात नाही ना. नंतर तू शिकवलेलं ते मागे जायचं बटण दाबलं. सगळे परत आले."

सगळे आले नव्हते. ते बटण थोडंच मागचं आठवतं, पार पहिलं विसरतं. हे योगराजला माहीत होतं. पोरगीला सांगायचं राहिलं होतं.

शेठ स्पीकरवर ओरडतच होते. हेतनं पाण्याचा पेला कीबोर्डला टेकवला होता. आई म्हणत होती, "तरी मी सांगी राहिनू..." आणि योगराज फुटला.

"अक्कल आहे का तुला? हात लावायला कुणी सांगितलं? खाली डब्बा!"

बोलून गेला.

ध्रुवी रडली नाही. ती खुर्चीवरून उतरली, फ्रीजच्या बाजूच्या भिंतीपाशी गेली, भिंतीकडे तोंड केलं, हात मागे बांधले. नाक भिंतीला लागणार नाही एवढं अंतर ठेवलं. सवय असल्यासारखं. हेतला वाटलं खेळ आहे, तोही शेजारी जाऊन उभा राहिला. कंटाळला, आणि निघून आला.

"तिले तठे उभं राहाले कोणी सांगं?" मालतीबाईंनी विचारलं.

योगराजनं फोन बंद केला. "ध्रुवी, इकडे ये बाळा. पप्पाचं चुकलं."

"अजून शाळा सुटली नाही," ती भिंतीला म्हणाली.

तो तिथंच जमिनीवर बसला. भात गार झाला. कुणी जेवलं नाही.

जरा वेळानं जिन्यावर धडधड झाली आणि वाल्मिक आत आला. योगराजचा जुना जोडीदार, पर्वत पाटिया भागात शेठच्याच मशीनवर ऑपरेटर. काखेत ते कापड, हातात पेन ड्राइव्ह.

"भो, फोन काब्र बंद शे तुना? शेठ तठे नाची राहिना! टक्कल पाडं तू साडीले, टक्कल!" तो मोठ्यानं हसला. मग त्याची नजर फ्रीजपाशी गेली आणि हसू तोंडातच राहिलं.

योगराजनं हळू आवाजात सगळं सांगितलं. खाली डब्बासकट.

वाल्मिकनं कापड पलंगावर टाकलं. "तुले कितींदा सांगं? मनी पोर म्युनिसिपालटीनी मराठी शाळामा जास. बाई चांगली शे. पण तुले इंग्लिशच जोयजे."

"मला वाटलं, मला जमेल."

"तू डिझाईन करशी, दूध उतारशी, याले धुशी, आन् मास्तर बी व्हशी? मी एक मशीन चालाडस तरी डोकं फिरस मनं."

भिंतीकडून बारीक आवाज आला.

"काका, तिथं उभं कुठं करतात?"

वाल्मिकनं योगराजकडे बघितलं. मग तो घसा साफ करून म्हणाला, "तठे ना बेटा... भिंतीले लागून पाणीना माठ ठेवेल शेतस. उभं राहाले जागाच नई."

ध्रुवीनं मान थोडी वळवली. काका खोटं बोलतोय का, ते बघितलं. परत भिंतीकडे केली.

मालतीबाई उठल्या. पिशवी उघडली आणि ध्रुवीचे फ्रॉक एकेक करून पलंगावर काढून ठेवले. घडी विस्कटली होती ती मांडीवर नीट केली. "मी एकलीच जास," त्या म्हणाल्या. "ती तठे बी भिंतच शोधीन."

योगराजनं गेलेले बुट्टे परत बसवले. या वेळेस चित्र लहान करून, वरपासून खालपर्यंत बघून. फोन चालू करून शेठजवळ चूक स्वतःची म्हणून कबूल केली, "भूल मारी हती." त्यांनी पुढचं काम देतो की नाही ते सांगितलं नाही. यानंही विचारलं नाही.

पेन ड्राइव्ह घेऊन वाल्मिक निघाला. जिन्यात थांबला.

"सोमवारी सकाळे शाळामा ये पोरगीले लई. आन् भो, तठे टेबलवर हात नको आपटू."

"नाही आपटणार."

"तुनं काय सांगता येस?"

योगराजनं मागे वळून बघितलं. ध्रुवी भिंतीपासून एक पाऊल मागे सरकली होती. तोंड अजून तिकडेच होतं.

"शब्द देतो तुला, वाल्मिक," तो म्हणाला. "बाई विचारतील ना, इतके महिने पोरगी घरी का होती, तर मी कुठल्या शाळेला नावं नाही ठेवणार. सांगेन, मी शिकवायला घेतलं होतं, मला नाही जमलं. आणि एवढंच म्हणेन, ती मोजायला लागली की जरा थांबा, ती कशी मोजते ते आधी तिला विचारा."