एक्केचाळिसावी नोंद

तिने पुस्तक उघडं करून टेबलावर ठेवलं आणि एक्केचाळिसाव्या नोंदीवर बोट टेकवलं. म्हाताऱ्या जुळाऱ्याने चष्मा कपाळावर चढवला, पान नाकाजवळ नेलं आणि वाचायचं सोडून आधी कागदावरून अंगठा फिरवला.

“आमच्याच छापखान्यातलं,” तो म्हणाला. “शिशाचं एकेक अक्षर या हातांनी जुळवलंय. डोक्यात मात्र एकही शिरलं नाही.”

ती मनापासून हसली. पुस्तक लिहिणाऱ्या तत्त्वज्ञापुढे भल्याभल्यांनी हात टेकले होते. भाषा आणि अर्थ यांवर त्याने सुट्या चिठ्ठ्यांवर नोंदी लिहिल्या, त्या छापून घेतल्या आणि कुणाला काही समजावून न सांगता तो मरून गेला. तिने आठ वर्षं डोकेफोड केली, तेव्हा कुठे दार जरा किलकिलं झालं. चाळिसावी नोंद म्हणत होती, शब्दाचा अर्थ बोलणाऱ्याच्या पोटात नसतो. तो शब्द कुठे येतो, त्यावर ठरतो. आणि लगेच पुढे, एक्केचाळिसाव्या नोंदीत, एकच वाक्य: ‘घर रिकामं आहे हे ठाऊक असूनही आपण दार वाजवतो.’ हे वाक्य त्याने नेमकं इथेच का ठेवलं, यावर तिचा सगळा प्रबंध उभा होता. सोमवारी तोंडी परीक्षा होती. छापखान्याची एखादी आठवण प्रस्तावनेत घालावी, एवढ्यासाठीच ती जुळाऱ्याच्या घरी आली होती.

“काका, ही नोंद आठवते?”

“न आठवायला काय झालं? मीच तर ठेवली ती तिथे.”

“म्हणजे जुळवलीत.”

“जुळवली आणि ठेवलीही. नोंद दोन पानांत तोडायची नाही, अशी त्यांची ताकीद. चाळिसावी संपली आणि खाली तीन ओळींची जागा उरली. पुढची भलीमोठी. आमच्या मालकांच्या डोळ्यांत मोकळी जागा खुपायची. मग मी गठ्ठ्याच्या तळाशी हात घातला आणि मावेल अशी चिठ्ठी काढून बसवली. आकडे आम्ही नंतर घातले.”

आठ वर्षं घालवली, आणि पाया काय, तर तीन ओळींची मोकळी जागा. तिला या माणसाचा भयंकर राग आला. राग यावा असं त्याने काहीच केलेलं नव्हतं, म्हणून आणखी आला.

“त्यांनी मुद्रितं तपासली नाहीत?”

“तपासली की. माझी नोकरी जाते, असंच वाटलं होतं. ते पान मी ठेवून दिलंय.”

त्याने खाटेखालची पेटी ओढली आणि पिवळा पडलेला कागद तिच्या हातात दिला. समासात तत्त्वज्ञाचं बारीक, डावीकडे कललेलं अक्षर होतं. ‘ही इथे कशी आली?’ हे खोडलेलं. त्याखाली: ‘असू दे. मला आत्ता कळलं.’

तिने ते तीनदा वाचलं. मग कागद टेबलावर ठेवला.

“काय कळलं असेल हो त्यांना?” जुळाऱ्याने विचारलं. “तेव्हा भीतीपोटी विचारलं नाही. तुम्ही शिकलेल्या, सांगा की.”

या एका वाक्यावर ती कुठेही तासभर बोलत असे. आता तिने पिशवीतून प्रबंध काढला, चौथं प्रकरण उघडलं आणि ‘तत्त्वज्ञाने मुद्दाम’ यातला ‘मुद्दाम’ खोडला. पुढच्या पानावरचाही खोडला. मग सुरुवातीचं आभाराचं पान काढलं.

“काका, तुमचं पूर्ण नाव सांगा.”

“पुस्तकात जुळाऱ्याचं नाव कुठे असतं?”

“खाली थोडी जागा उरलीय,” ती म्हणाली.